हेल्मेटमधलं गाणं

केतकी परचुरे बोलायच्या आधी गायला लागली. चौथं वर्ष लागलं तरी "पाणी दे" एवढं सरळ वाक्य तिच्या तोंडून आलं नव्हतं. आणि त्याच सुमारास एका दुपारी, बेंगळुरूतल्या सरकारी कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बसून तिनं आईच्या रियाझातलं एक नाट्यपद पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. शब्द आले, ताना आल्या, आणि सकाळी आईला मध्येच लागलेला ठसकाही नेमका त्याच जागी आला.

सुलभाताईंच्या हातातली कणीक हातातच राहिली. लग्न होऊन पुण्याहून इथं आल्यापासून त्यांचं गाणं मराठी मंडळाच्या गणेशोत्सवापुरतं उरलं होतं. ते आता लेकीत उतरलं, असं त्यांनी त्या दिवशी पक्कं ठरवून टाकलं. केतकीच्या वडिलांनी, उपेंद्ररावांनी, संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं आणि बूट काढता काढता म्हणाले, "गाते म्हणजे बोलेलही."

ती बोललीही, जरा उशिरानं. पण गाणं आणि बोलणं तिच्यात कधी एकमेकांना फारसं भेटलं नाही.

नवव्या वर्षी सुलभाताईंनी तिला मंडळाच्या स्टेजवर बसवलं. ती डोळे मिटून गायली आणि छान गायली. गाणं संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या. पत्र्यावर खडी ओतावी तसा तो आवाज तिच्या अंगावर आला. तिनं कान गच्च दाबले, किंचाळली, आणि हार्मोनियमच्या टेबलाखाली शिरली. ओढून काढायला आलेल्या आईच्या हाताला तिनं कडकडून चावा घेतला. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी ती मुकाट्यानं स्टेजवर गेली, माईकसमोर बसली, आणि तोंड उघडलंच नाही. त्यानंतर घरात कुणी तिचं गाणं ऐकलं नाही. "देवानं गळा दिलाय आणि ही कुलूप लावून बसलीय," असं सुलभाताई पाहुण्यांना सांगत. केतकी ते ऐके आणि उठून आपल्या खोलीत जाई.

गाणं तिनं सोडलं मात्र नव्हतं. आधी ती गच्चीवरच्या पंपाच्या खोलीत गायची, पंप चालू असताना. पुढं नोकरी लागली, वडिलांनी हेब्बाळला फ्लॅट घेतला, तिला स्कूटर आली, आणि मग तिला हेल्मेट सापडलं.

तिचं ऑफिस इंदिरानगरला होतं. नकाशे बनवणाऱ्या एका कंपनीत ती रस्त्यांची नावं तपासायची. सकाळी हेब्बाळचा फ्लायओव्हर लागला की ती हेल्मेटची काच खाली घ्यायची आणि सुरुवात करायची. आवाज बाहेर जायचा नाही. तो आत फिरून गालांच्या हाडांवर, दातांवर, कपाळावर परत यायचा. एकच गाणं महिनोन्‌महिने चालायचं, आणि त्यातलीही बहुतेक वेळा एकच ओळ, जिथं सूर वर चढून क्षणभर थांबतो आणि अलगद खाली येतो. ती जागा आली की तिचे खांदे सैल पडायचे. दुसरी ओळ म्हणावी असं तिला वाटायचंच नाही. जयमहल रोडच्या झाडांखालून ऑफिसात पोचेपर्यंत ती दिवसभराच्या माणसांसाठी तयार झालेली असायची.

एकदा मेखरी सर्कलला ट्रॅफिक पोलिसानं तिला बाजूला घेतलं. हेल्मेटच्या आत तोंड हलतंय म्हणजे फोन चालू असणार, असा त्याचा हिशेब. "फोन एल्ली?" फोन कुठाय, असं त्यानं विचारलं. तिनं हेल्मेट काढून दाखवलं. फोन नव्हता. मग ती कुणाशी बोलत होती? मी गात होते, हे तीन शब्द तिच्या तोंडून निघेनात. पोलिसानं तिच्याकडं नीट पाहिलं आणि जा म्हणून हात केला.

चौतिसाव्या वर्षी, मेट्रोच्या कामाजवळ सांडलेल्या बारीक खडीवर तिची स्कूटर घसरली. बाकी काही लागलं नाही, पण उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कित्येक महिने गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. ऑफिसनं कॅब दिली. कॅबमध्ये आणखी तीन सहकारी असत, एफएम असे, आणि आदल्या दिवशीच्या क्रिकेटची चर्चा असे. माणसं चांगली होती. केतकी खिडकीकडं तोंड करून बसायची.

महिनाभरात तिचे शब्द अडायला लागले. आधी फोनवर, मग जेवणाच्या टेबलावर. एका मीटिंगमध्ये तिला साधा प्रश्न विचारला गेला. तिला उत्तर माहीत होतं, पण ते बाहेर येईना. ओठ मिटलेले, आणि घशातून एक बारीक गुणगुण निघत राहिली. समोरच्या माणसाला वाटलं, ही आपली टिंगल करतेय. ती उठून जिन्यात जाऊन बसली आणि दुपारभर तिथंच राहिली.

तिथून ती वेदिका नावाच्या सायकॉलॉजिस्टकडं पोचली. चार-पाच भेटींनंतर वेदिकानं सांगितलं, "तुम्ही ऑटिस्टिक आहात. लहानपणापासूनच." केतकीनं मान हलवली. तिनं आधीच बरंच वाचलं होतं, त्यामुळे तिला धक्का बसला नाही. चष्म्याचा नंबर कळावा तसं वाटलं. घरी सांगितल्यावर सुलभाताई म्हणाल्या, "आता या वयात?" आणि गॅस बंद करायला आत गेल्या. उपेंद्ररावांनी नेहमीसारखा कामाचा प्रश्न विचारला. "मग ऑफिसला जायचं कसं?"

"एकटीनं," केतकी म्हणाली.

त्यांनीच देवाप्पाची रिक्षा ठरवली. देवाप्पा मूळचा सीमेवरच्या अथणीकडचा, कोपऱ्यावरच्या स्टँडवर असायचा. त्याच्याशी आधी ती तुटक कन्नडमध्येच बोलायची. मग एकदा त्याला बायकोशी फोनवर मराठीत भांडताना तिनं ऐकलं आणि तिला हायसं वाटलं. तरीही मुद्द्याचं विचारायला तिनं आठवडा घेतला. शेवटी फ्लायओव्हर उतरताना, पाठ केल्यासारखं, एका दमात तिनं विचारलं, "अण्णा, मी गाडीत गायले तर चालेल?"

"म्हणा की अक्का. मला काय तरास?"

"मागं वळून बघायचं नाही."

"मागं बघून गाडी कशी चालवू मी?"

"आणि छान झालं असं म्हणायचं नाही."

यावर देवाप्पा मेखरी सर्कल येईपर्यंत विचार करत होता. "वाईट झालं म्हटलं तर?"

केतकीनंही त्यावर विचार केला. "नको. तेही नको."

"सरी," देवाप्पा म्हणाला, म्हणजे बरं.

पहिले काही दिवस तिनं रिक्षात हेल्मेट घालून पाहिलं. शेजारच्या बसमधली माणसं वाकून बघायची, देवाप्पा अवाक्षर काढायचा नाही. मग उकाड्यानं ते सुटलं. उघड्यावर गाणं तिला सुरुवातीला मुळीच आवडलं नाही. आवाज दोन्ही बाजूंनी निसटून जायचा, हाती काही लागायचं नाही. पण सिग्नलला रिक्षा थांबली की इंजिनाची एकसारखी घरघर खालून सुरू व्हायची, सीटमधून पाठीत चढायची, आणि तिच्यावर सूर ठेवता यायचा. म्हणून ती फक्त सिग्नललाच गाऊ लागली. हिरवा दिवा लागला की थांबायची, पुढच्या लाल दिव्याला पुन्हा पहिल्यापासून. देवाप्पानं इंजिन बंद करून गॅस वाचवायची सवय तेवढ्या रस्त्यापुरती सोडली. हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. तिच्या ते आपोआप लक्षात आलं.

शब्द हळूहळू परत आले. सगळेच काही आले नाहीत. मोठ्या मीटिंगला ती आता जात नाही. काय हवं ते लिहून विचारा, असं तिनं ऑफिसात सांगून टाकलं आहे.

देवाप्पानं नियम एकदाच वाकवला. त्याची बायको महानंदा भजनी मंडळात जायची. गणपतीत आमच्या गल्लीत येऊन एक अभंग म्हणाल का, असं तिनं विचारायला सांगितलं होतं. केतकी "नाही" म्हणाली. "सरी," तो म्हणाला आणि विषय मिटला. थोड्या वेळानं मात्र त्याला राहवलं नाही. "मग कुणासाठी म्हणता हो अक्का?"

"कुणासाठी नाही. घशात बरं वाटतं. छातीत पण."

"आमची म्हैस रवंथ करताना डोळं मिटून बसायची. तसं?"

केतकीनं म्हैस नीट डोळ्यांसमोर आणली. "हो," ती म्हणाली. "बरोब्बर तसं." तिला ते इतकं पटलं की त्या दिवशी ती एका सिग्नलला गायचं विसरली.

सुलभाताईंना हे सगळं कळलं ते निव्वळ योगायोगानं. उलसूरला मैत्रिणीकडं जायचं म्हणून त्या एका सकाळी लेकीबरोबर रिक्षात बसल्या. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. देवाप्पानं भाबडेपणानं विचारलं, "आज म्हणणार न्हाई काय अक्का?"

"काय म्हणणार?" सुलभाताईंनी विचारलं.

केतकीनं तोंड बाहेर वळवलं, देवाप्पानं उगाच हॉर्न वाजवला, आणि त्यातूनच त्यांना कळलं. त्या संध्याकाळी त्या केतकीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "पंचवीस वर्षं झाली. मी तुझा आवाज ऐकलेला नाही. आणि त्या रिक्षावाल्याला रोज ऐकवतेस?"

"तो ऐकत नाही," केतकी म्हणाली. "म्हणून."

केतकीला वाटलं, आता त्या रडतील, आणि मग काय करायचं असतं ते तिला आठवेना. पण सुलभाताई रडल्या नाहीत. दाराच्या कडीशी चाळा करत म्हणाल्या, "मग मीही ऐकणार नाही. नुसती बसेन. चालेल?"

यावर विचार करायला केतकीला बरेच दिवस लागले. मग एका गुरुवारी तिनं सकाळी चपला घालताना सांगितलं, "चल." देवाप्पाला सांगितले होते तेच नियम तिनं आईलाही जिन्यात सांगितले.

मेखरी सर्कलला रिक्षा थांबली. केतकीनं डोळे मिटले आणि सुरू केलं. सुलभाताई नाट्यपदाच्या अपेक्षेनं सावरून बसल्या होत्या. निघालं ते कानडी गाणं, त्यांच्या सोसायटीमागच्या देवळाच्या लाउडस्पीकरवर पहाटे लागणारं, पण सुलभाताईंनी कधी लक्ष देऊन न ऐकलेलं.

"हे कुठलं गं?"

केतकी थांबली. "विचारायचं नाही."

पुढच्या सिग्नलला तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी सूर वर चढून थांबला तिथं सुलभाताईंच्या तोंडून नकळत आकार निघाला, अगदी हळू. केतकी पुन्हा थांबली. "आई, नको."

"बरं." सुलभाताईंनी पदर तोंडाशी धरला आणि त्या बाहेर बघत बसल्या.

उलसूरच्या तलावाशी मोठी कोंडी होती. देवाप्पानं इंजिन चालूच ठेवलं. केतकीनं सुरुवात केली आणि या खेपेला कुणी अडवलं नाही. ती ओळ तिनं एकदा म्हटली, दोनदा म्हटली, मग ती मोजेनाशी झाली. मध्ये तिनं डोळे किलकिले करून पाहिलं तर आईचं एक बोट गुडघ्यावर ताल धरत होतं. केतकीनं त्या बोटाचा विचार केला. ते त्रास देत नव्हतं. तिनं डोळे पुन्हा मिटले.

उतरल्यावर सुलभाताई पैसे द्यायला पर्स शोधू लागल्या, महिन्याचं ठरलेलं आहे हे विसरून. मग पर्स बंद केली. केतकी वाट बघत उभी होती. आई काहीतरी बोलणार हे तिला दिसत होतं.

"दोन ठिकाणी श्वास चुकतो तुझा," सुलभाताई म्हणाल्या.

"माहितीये. मला तिथंच घ्यायचा असतो."

"असं का?" सुलभाताईंनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं. "बरं मग."

मनगट आता बरं आहे. बहुतेक दिवस केतकी स्कूटरनं जाते. पावसाचे दिवस आणि गुरुवार देवाप्पाचे. गुरुवारी कधी सुलभाताईही येतात, इंदिरानगरला उतरून भाजी घेतात आणि बसनं परत जातात. घरी यावर फारसं बोलणं होत नाही. मंडळातल्या कुणी विचारलं तर सुलभाताई "ती तिची गाते" एवढंच सांगतात.

कानडी गाणं मागच्या महिन्यात संपलं. सध्या जे चालू आहे ते सुलभाताईंना अजिबात आवडत नाही. फारच रडकं आहे, असं त्या परवा स्वयंपाकघरात म्हणाल्या. दिवाळीपर्यंत बदलेल बहुधा, असं केतकीनं सांगितलं, आणि थोडा विचार करून, नाहीही बदलणार, असंही सांगितलं.