कामेरकरांची रजा

कामेरकर स्वतःशी बोलताना स्वतःला अहो-जाहो करत. "कामेरकर, टेप सरळ लावा." "कामेरकर, आता पाणी प्या." सिंगापुरात आंग मो किओतल्या आमच्या कारखान्यात ते पॅकिंगला होते आणि हे दिवसभर चालायचं. मी तिथे क्वालिटी बघत असे. पहिल्यांदा ते मराठी कानावर पडलं तेव्हा मी थबकलेच. "काका, स्वतःलाच एवढा मान?" मी विचारलं. म्हणाले, "दुसरं कोण देणार, बाई? मी कैदी आहे."

शिक्षेचे शेवटचे महिने ते हाफवे हाउसमध्ये, म्हणजे सुटकेआधी कैद्यांना ठेवतात त्या वसतिगृहात, काढत होते. दिवसा बाहेर काम, संध्याकाळी परत. गुन्हा त्यांनी कधी लपवला नाही. दारू पिऊन गाडी चालवली आणि एक माणूस मेला. मी एकदा "तुमचा अपघात झाला तेव्हा" असं म्हणाले, तर लगेच म्हणाले, "झाला नाही. मी केला."

मूळचे डोंबिवलीचे. तरुणपणी इथे आले आणि इथलेच झाले. मूलबाळ नव्हतं. ते तुरुंगात असताना बायको घरात झोपेतच गेली. त्यांचा बंद फ्लॅट कारखान्यापासून चालत जाण्याइतका जवळ, पण वाटेतसुद्धा तिकडे वळायची मुभा नव्हती. बाकीच्यांना अधूनमधून एका रात्रीची घरची रजा मिळे. यांचा अर्ज फेटाळला. कारण काय, तर रजा घरच्यांशी तुटलेलं जोडण्यासाठी असते, आणि तुमच्या घरी कुणी नाही. मी म्हटलं, मी जामीन राहते. उत्तर आलं, तुम्ही नातेवाईक नाही. काय बोलणार यावर, कपाळ?

कामेरकर पेटलेच. थेट सरकारवर दावा लावला, तोही वकिलाशिवाय. मी झापलं त्यांना. "अहो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात." तर म्हणाले, "शहाणा असतो तर इथे असतो का?"

सुनावणीला मी रजा टाकून मागच्या बाकावर बसले. सरकारी वकील तासभर नियम सांगत होता. यांची पाळी आली तेव्हा थोडकंच बोलले. "महोदय, माझी बायको ज्या खोलीत गेली ती मी अजून पाहिलेली नाही. ती पाहायला मला नातेवाईक कशाला हवा?" मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत बसले. पुढे निकाल लागला: नियम राहू द्या, पण माणसाचं ऐकून न घेता नकार देता येणार नाही, पुन्हा ठरवा. आणि एका शनिवारी रात्रीची रजा मिळाली.

"भात-आमटी घेऊन येते," मी म्हटलं. नको म्हणाले. आपल्यात पहिला नकार कोण धरतं? मी आग्रह केला, पुन्हा केला. शेवटी हात जोडले त्यांनी. "एवढा भांडलो तो तिथे एकटं बसायलाच, बाई."

सोमवारी कळलं, ते शनिवारी रात्रीच हाफवे हाउसमध्ये परतले होते. मी तडक पॅकिंगला गेले. "मग डोंबलाचा दावा लावलात?" ते खोक्याला टेप लावत राहिले. मग सांगितलं. खोली झाडली, चादर बदलली, तिच्या पलंगावर बसले. भात लावला, जेवले. "हाफवे हाउसमध्ये जेवणानंतर हजेरी असते. नाव घेतात, आपण हजर म्हणायचं. मी ताट धुतलं आणि सवयीने उभा राहिलो. कुणी नावच घेईना. मी घरात आहे की नाही, जगात कुणाला पत्ता नाही. मग बस पकडली."

शिक्षा संपली आणि घरी जावंच लागलं. आदल्या दिवशी म्हणाले, "हाफवे हाउसमध्येच ठेवा म्हणून दावा लावता येईल का हो?" हसले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

तेव्हापासून रोज रात्रीच्या जेवणानंतर मी फोन करायला लागले. "कामेरकरकाका?" "हजर." बस्स, एवढंच. मग दोघं फोन ठेवून देत असू. पुढे माझी पुण्याला बदली झाली, तरी हे चालू राहिलं.

परवा घरी पाहुणे होते आणि फोन करायचा राहूनच गेला. भांडी आवरत होते तेवढ्यात त्यांचाच आला.

"बाई, मी हजर आहे," ते म्हणाले. "आज कुणी विचारलं नाही, म्हणून म्हटलं आपणच सांगावं."