नळीवरचे दात

कवळीकाकांनी जन्मात कधी तोंडातून धूर काढला नव्हता, आणि तरी त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात बेचाळीस पाइप मांडून ठेवलेले होते. सगळे इंग्लंडात हाताने घडवलेले, ब्रायरच्या लाकडाचे, एकाहून एक सरस. काकू आल्यागेल्याला सांगायच्या की, ओढणारा नवरा एक वेळ परवडला असता, निदान पाइप जळून संपले तरी असते. काका त्यावर भिंग पुसत बसायचे. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर माणूस कशावर बोलायचं आणि कशावर नाही हे शिकलेला असतो.

काकांचा धंदा कवळ्या करण्याचा. घरामागच्या खोलीत प्लास्टरची पांढरी धूळ, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, घासायचं यंत्र आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. शहरातले दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे आणि काका त्यावरून दात बसवायचे. ज्याचे दात त्याचं तोंड त्यांनी बहुधा पाहिलेलंच नसे. तरी साचा हातात घेतला की हा माणूस कोणत्या बाजूने चावतो, झोपेत दात खातो का, हे ते बसल्या जागी सांगायचे आणि सहसा चुकायचे नाहीत.

पाइपचा नाद लागला तोही ह्याच खोलीत. पूर्वी कवळ्या कडक रबराच्या करत, आणि पाइपची काळी नळीही त्याच रबराची. एका डॉक्टरने आपल्या पाइपची तुटलेली नळी दुरुस्तीला आणून दिली. नळी तासाभरात झाली, पण लाकूड मात्र काकांनी दोन दिवस हातातून सोडलं नाही. एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ येते, तिचं हे लाकूड. जमिनीत वाढताना त्यात खडे, वाळू अडकते, म्हणून कोरायला घेतलं की बारीक भोकं निघतात. साध्या पाइपांत ती पुटीने बुजवतात. पण हजारात एखादा तुकडा असा निघतो की त्यात एकही भोक नसतं आणि रेषा खालून वरपर्यंत सरळ, विंचरलेल्या केसांसारख्या गेलेल्या असतात. तसा एक पाइप आपल्याकडे असावा म्हणून काकांनी तीस वर्षं वाट पाहिली. भिंगाखाली पुटीचा एवढासा ठिपका दिसला तरी ते पाइप खाली ठेवून द्यायचे.

आणि एक दिवस तो आला. जुन्या वस्तू विकणाऱ्या ओळखीच्या दुकानदाराने चपलांच्या खोक्यातून काढून दिला. कुणाचं तरी घर आवरताना निघाला होता. काठ जळलेला, आत काजळीचा थर, आणि नळीच्या टोकाशी डावीकडे दातांचे दोन खोल खड्डे. काकांनी सवयीने नोंदलं, डाव्या सुळ्याने धरणारा माणूस, सुळा थोडा फिरलेला. मग लाकूड पुसून पाहिलं आणि ते बघतच राहिले. चारी बाजूंनी सरळ रेषा आणि पुटीचा ठिपका औषधालाही नाही.

आठ दिवस काका दुसऱ्या कामाला शिवले नाहीत. काजळी खरवडली, मीठ आणि स्पिरिट भरून जुना वास काढला, काठ घासून मूळ रंगावर आणला. नळी दिव्यावर हलकेच शेकली. हे रबर शेकलं की त्याला आपला पहिला आकार आठवतो आणि खड्डे आपोआप वर येतात. जे राहिले ते काळी भुकटी भरून बुजवले आणि झिलई दिली. पाइप कारखान्यातून आजच निघाल्यासारखा दिसू लागला. कपाटात मधोमध त्याला जागा मिळाली, आणि काका रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापुढे उभे राहायचे. काकूंनाही मान्य करावं लागलं की हा देखणा आहे.

वर्ष होत आलं तेव्हा एका रविवारी दारात गणिताच्या एक बाई उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या. दुकानदाराकडून पत्ता काढत आल्या होत्या. वडील चाळीस वर्षं सरकारी कचेरीत नकाशे काढायचे, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी तंबाखू बंद केल्यावरही रिकामा पाइप दिवसभर तोंडात असायचा. मग विसरायला लागले. बाईंनी त्यांना आपल्या घरी आणलं, जुनं घर आवरलं आणि त्या आवराआवरीत पाइप देऊन टाकला.

"मला वाटलं, त्यांना कुठे काय आठवतंय," बाई म्हणाल्या. "मी कोण ते त्यांना आठवत नाही, काका. पण पाइप रोज शोधतात. सारखा खिसा चाचपतात, उशीखाली बघतात. हल्ली घास भरवला तरी तोंड उघडत नाहीत."

खोटं कशाला बोला, पहिला विचार काकांच्या मनात आला तो हाच की, दुसरा एखादा पाइप देऊन बघावा. बेचाळीस होते की. पण बाईंची नजर कपाटावरून फिरली आणि मधल्या पाइपवर न थांबता पुढे गेली. त्यांना तो ओळखूच आला नव्हता. काकांना गप्प बसून चाललं असतं. ते उठले, कपाट उघडलं आणि पाइप बाईंच्या हातात ठेवला. काकूंनी आतून पाहिलं आणि त्या चहा टाकायला वळल्या.

तिसऱ्या दिवशी बाई परत आल्या. वडिलांनी पाइप तोंडात धरला, जीभ फिरवली आणि काढून टाकला. हा माझा नाही, म्हणाले. दोनदा दिला, दोनदा टाकला. बाईंचा आवाज शाळेतल्यासारखा सरळ होता, पण हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता.

हा माझा नाही, असं ते म्हणणारच, काकांनीच तर तो परका केला होता. वास काढला, काजळी काढली, आणि ज्या खड्ड्यांत त्या माणसाचा दात हजारो वेळा जाऊन बसला होता ते खड्डे आपल्या हाताने बुजवून वर झिलई दिली. आणि त्याचं कौतुकही करून घेतलं. लोकांना दात बसवून देण्यात हयात घालवलेल्या माणसाला एवढं कळू नये याची त्यांना खरोखर लाज वाटली.

त्या संध्याकाळी काका आयुष्यात पहिल्यांदा तंबाखूच्या दुकानात गेले. दुकानदाराने कोणती हवी विचारलं, तर बेचाळीस पाइपांच्या मालकाला एकही नाव सांगता येईना. शेवटी म्हातारी माणसं नेतात ती द्या, म्हणाले. ती पाइपात ठासून दोन दिवस ठेवली आणि मग काढून टाकली. वास थोडा तरी परत आला.

दातांचं काम त्याहून अवघड होतं. पूर्वीच्या खुणेचा साचा काकांनी घेतला नव्हता. घेण्यासारखं त्यात काही आहे असं त्या वेळी वाटलंच नव्हतं. ते बाईंच्या घरी गेले. नकाशेवाले खिडकीशी बसले होते, अंगाने सुकलेले, हात शर्टाच्या खिशात काहीतरी शोधत असलेला. तोंड उघडायला सांगून उपयोग नव्हता. काकांनी मेणाची पट्टी गरम पाण्यात मऊ केली, पाइपच्या नळीएवढी वळली आणि नुसती त्यांच्या हातात दिली. म्हाताऱ्याने ती बघितलीसुद्धा नाही. हात आपसूक वर गेला, मेण तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसलं आणि दात मिटले. क्षणभर खिशातला हात थांबला. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मेणावर सुळा स्पष्ट उमटला होता, थोडा फिरलेला. काकांनी घरी येऊन पाइप यंत्रापाशी धरला. तीस वर्षं वाट पाहून मिळालेला, डाग नसलेला पाइप, आणि आता त्यालाच खड्डा पाडायचा. आधी एका टाकाऊ नळीवर चार वेळा करून पाहिलं. मग डोळ्यांत तेल घालून पोलादी टोक नळीवर टेकवलं आणि झिलई उडाली. वर एक, खाली एक.

बाईंच्या घरी पहिल्या वेळी नकाशेवाल्यांनी पाइप तोंडात धरला आणि काढला, पण टाकला नाही, हातातच ठेवला. काकांनी अंगठ्याने खड्डा चाचपला आणि कानशीने केसभर खोल केला. दुसऱ्या वेळी त्यांनी तो मागेपुढे सरकवून पाहिला. तिसऱ्या वेळी जीभ फिरली, जबडा हलला आणि थांबला. खांदे खाली आले.

"सापडला," नकाशेवाले म्हणाले.

बाई त्यांच्या गुडघ्याशी खाली बसल्या. "बाबा, मीच दिला होता देऊन. चुकले मी." म्हातारा पाइप चावत बाहेरच्या रस्त्याकडे बघत होता. ते ऐकलं की नाही कोण जाणे. पण त्या दुपारी त्यांनी वरणभात नाही, तर नुसतं सूप का होईना, वाटीभर घेतलं.

सात महिन्यांनी बाई पुन्हा आल्या, पाइप मऊ कापडात गुंडाळून. वडील गेले होते, आठ दिवस झाले होते. शेवटपर्यंत तोंडात होता, म्हणाल्या. आता तो काकांचा, तसं त्यांनी पहिल्या दिवशीच मनाशी ठरवलं होतं. काका पुन्हा पूर्वीसारखा करतील याची त्यांना खात्री होती.

काकांनी पाइप भिंगाखाली धरला. त्यांनी पाडलेला खड्डा तिथेच होता, कडा रेखीव, यंत्राच्या. पण तो चुकला होता. त्याच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, दुसरा एक उथळ खड्डा होता, कडा झिजलेल्या. सात महिने तो दात रोज थोडा थोडा सरकत आपल्या जागी गेला होता.

त्यांनी भिंग बाईंच्या हातात दिलं. "हा बघा, हा माझा. आणि हा त्यांचा."

बाईंनी बघितलं. मग भिंग खाली ठेवून करंगळीचं नख त्या उथळ खड्ड्यात टेकवलं. नख बरोबर बसलं. त्यांनी ते काढलं नाही. इतके दिवस कुणासमोर न रडलेल्या बाई आता रडल्या.

काकांनी कापड उचललं, पाइप त्यांच्या हातातच गुंडाळला आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली.

"पुसू नका," ते म्हणाले. "घरी घेऊन जा."