कोणीही ‘स्टॉप’ म्हणू शकतं

चोवीस वर्षांच्या नोकरीतलं शेवटचं पोस्टिंग मला घराजवळ मिळालं. घर चिखलीला, आणि ड्यूटी पिंपरी-चिंचवडमधल्या एका एनसीसी बटालियनमध्ये. हवालदार इन्स्ट्रक्टर. युनिटमधले लोक चेष्टेने म्हणाले, “पेन्शनआधीची विश्रांती.” मलाही तसंच वाटलं होतं.

माझ्याकडे तीन शाळा होत्या. कुरुळीच्या शाळेत मंगळवारी आणि शुक्रवारी परेड असे, दुपारी चार ते साडेपाच. आठवी-नववीची मुलं-मुली. ड्रिल, नकाशा वाचन, प्रथमोपचार, शस्त्राची माहिती. कॅडेट मला ‘उस्ताद’ म्हणत. बहुतेकांचे आईवडील चाकणच्या कंपन्यांमध्ये शिफ्टवर असत. अर्ध्या पोरांना पुढे पोलीस भरती करायची होती. काहींना परेडनंतर मिळणारा नाश्ता हवा होता. मी कुणालाच नावं ठेवली नाहीत. मी स्वतः फौजेत गेलो तो घरी शेतात राबायला नको म्हणून.

प्रज्ञा साळवे नववीत होती. वडील पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर. मुलगी वेळेवर येणारी, बूट चमकणारे, पण आवाज बारीक. तिने ‘सावधान’ म्हटलं की पहिली रांग सावधान होई आणि तिसरी रांग तिच्याकडे बघत राही. मी तिला बऱ्याचदा पुढे उभं केलं. फरक पडला नाही.

थंडीच्या दिवसांत फायरिंगचा नंबर लागला. पॉइंट टू-टू रायफल, प्रत्येकाला पाच राउंड. मुलं महिनाभर त्याच दिवसाची वाट बघत होती. दोन दिवस आधी प्रज्ञा सायकलवरून पडली आणि तिचं उजवं मनगट मुरगळलं. रेंजच्या सकाळी तिने पट्टी सोडून हात दाखवला.

“सूज उतरलीय, उस्ताद.”

“मूठ वळ.”

तिने वळली. तोंडावर काही दिसू दिलं नाही, पण मूठ पुरती मिटली नाही.

“तू आज फ्लॅग पोस्टवर,” मी म्हटलं.

“जी, उस्ताद.”

सहा वाजून दहा मिनिटांनी कुरुळीहून गाडी निघाली. सव्वासातला आम्ही रेंजवर होतो. डोंगराच्या पायथ्याशी मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे टार्गेट, आणि दोन्ही बाजूंना एकेक टेकाड. टेकाडांवर लाल झेंडा आणि सेंट्री. बांधामागे गुरं-माणसं येत नाहीत ना, हे बघायचं त्यांचं काम. डाव्या पोस्टवर जवान कदम आणि त्याच्यासोबत प्रज्ञा. कदमकडे वॉकीटॉकी सेट.

फायरिंगआधी मी नेहमीचं सांगितलं. “रेंजवर एक नियम रँकच्या वर आहे. धोका दिसला की कोणीही ‘स्टॉप’ म्हणू शकतं. कॅडेट असो नाहीतर कर्नल. म्हणणाऱ्याला कोणी रागावणार नाही.” हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं, की म्हणताना माझं लक्ष काडतुसांच्या पेटीकडे होतं.

पावणेनऊपर्यंत तीन डिटेल, म्हणजे चार-चार जणांच्या तुकड्या, झाल्या. चौथीच्या आधी मी सेटवर विचारलं.

“लेफ्ट पोस्ट, रिपोर्ट.”

उत्तर नाही.

“लेफ्ट पोस्ट, लेफ्ट पोस्ट, रिपोर्ट.”

टेकाडावरून कदमने हात हलवून बॅटरी गेल्याची खूण केली. मी त्याला खाली बोलावलं. इथे माझं चुकलं. दुसरा सेट वर पाठवायला हवा होता, नाहीतर कदम पोस्टवर परत पोहोचेपर्यंत फायरिंग बंद ठेवायला हवं होतं. पण साडेनऊला बटालियनचे सीओ साहेब येणार होते आणि दोन डिटेल बाकी होत्या. वर बघितलं. झेंडा जागेवर होता, प्रज्ञा उभी होती. दोन-चार मिनिटांचा प्रश्न आहे, असं मी धरून चाललो.

“लेट पोझिशन. पाच राउंड, भर.”

चार मुलं आडवी झाली. चार बोल्ट वाजले. ‘फायर’ माझ्या ओठांवर होतं, तेवढ्यात डावीकडून आवाज आला. टण. टण. टण. लोखंडावर स्टील आपटल्याचा. आमच्या भागात असा आवाज कुणाला नवा नाही, कुठल्याही गल्लीतल्या वर्कशॉपमधून येतो. पण इथे वर्कशॉप नव्हतं.

मी मान वळवली. प्रज्ञा डाव्या हाताने स्टीलची पाण्याची बाटली झेंड्याच्या लोखंडी पाइपवर मारत होती आणि दुखऱ्या हाताने बांधामागे बोट दाखवत होती.

“स्टॉप!” मी ओरडलो.

तिघांनी बोटं ट्रिगरवरून काढली. चौथा मुलगा माझ्या आवाजाने दचकला आणि त्याच्या रायफलमधून गोळी सुटली.

सगळं शांत झालं. रेंजवर सोबत आलेले सुभेदार साहेब माझ्या मागेच उभे होते. ते म्हणाले, “रायफली खाली करून घेतो मी. तू जा.”

चारही रायफली रिकाम्या झाल्याचं त्यांनी ओरडून सांगितलं तेव्हा मी पळत सुटलो. बांधापर्यंत शंभर पावलं नसतील. त्या शंभर पावलांत मी मनात काय काय बघून ठेवलं, ते इथे लिहीत नाही.

बांधामागे ओढ्याची कोरडी नळी होती. तिथे एक म्हातारी उकिडवी बसली होती. मांडीवर शेळीचं करडू, आणि ती त्याच्या पायातला काटा काढत होती.

“आजी, लागलं का काही? गोळी लागली का?”

तिने वर बघितलं. “न्हाई बा. काटाच हाय.”

“तुम्ही इथं कशा आलात? फायरिंग चालू आहे.”

“व्हय, फटाक्यावानी आवाज येत हुता खरा. आमी रोज हितंच चारतो. ह्या वढ्यातनं आलो, कुनी आडवलंच न्हाई.”

मी तिच्या शेजारी मातीत बसलो. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि कमरेच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. मी सगळं पाणी प्यालो.

नंतर चार नंबरचं टार्गेट तपासलं. खालच्या कोपऱ्यात एक भोक होतं. गोळी त्यातून जाऊन बांधाच्या मातीत रुतली होती. त्या मुलाला मी हाताला धरून टार्गेटपाशी नेलं आणि भोकात त्याचं बोट घालायला लावलं. तोपर्यंत तो रडायचा थांबत नव्हता.

साडेनऊला सीओ साहेब आले. सुभेदार साहेबांनी रिपोर्ट दिला.

“पोस्टवर सेट नव्हता. जवान नव्हता. ऑर्डर कुणाची?”

“माझी, सर.”

“लिहून द्या.”

मी लिहून दिलं. पुढे चौकशी झाली आणि ताकीद मिळाली. शिक्षा योग्य होती. मला त्या ताकिदीचं दुःख कधी झालं नाही. कागद हातात घेतला तेव्हा मनात एवढंच होतं, की आजी आजही शेळ्या घेऊन डोंगरात गेली असेल.

संध्याकाळी प्रज्ञाचे वडील बी-शिफ्टला जायच्या ऐवजी सुट्टी टाकून शाळेत आले. “जय भीम, साहेब. पोरगीनं काय केलं? फोनवर नीट कळलं नाही.”

मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. ते म्हणाले, “आमच्या प्रेसला लाल बटण असतं. कुणीबी दाबावं असं लिहिलंय. पण दाबलं की सुपरवायझर बोलतो, म्हणून कुणी दाबत नाही.” मुलीच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि निघाले.

पुढच्या मंगळवारी परेड संपल्यावर प्रज्ञा थांबली.

“उस्ताद, एक विचारू? तुम्ही कधी कुणाला स्टॉप म्हटलंय?”

उत्तर टाळता आलं असतं. बारा वर्षं टाळलंच होतं. मी तिला आणि तिच्यासोबत थांबलेल्या चौघींना मैदानाच्या कट्ट्यावर बसवलं आणि सांगितलं. उत्तरेतल्या एका उंच पोस्टकडे आमची गस्तीची पेट्रोल पार्टी चालली होती. नऊ जण, दोरीला बांधलेले नव्हतो, कारण वाट रोजची होती. माझ्यापुढे नाईक संभाजी ढमाले. मला उजवीकडच्या उतारावर बर्फात तडा जावा तशी बारीक रेघ दिसली. कालपर्यंत ती नव्हती. सगळ्यात पुढे माझे सीनियर होते. त्यांनी बघितलीच असेल, असं मला वाटलं. मी काही बोललो नाही. तीन-चार मिनिटांनी त्या उतारावरचा बर्फ सुटून खाली आला.

मुलींपैकी कुणी माझं सांत्वन केलं नाही, त्याचं मला बरं वाटलं. पाठीवरचा सामानाचा पिट्टू उतरवून ठेवावा तसं झालं होतं.

मग प्रज्ञाने नाव पक्कं करायला विचारलं, “ढमाले की ढमढेरे?”

“ढमाले. संभाजी ढमाले. गाव वेल्हे तालुक्यात. वय तीस. गाणं वाईट म्हणायचा आणि रोज म्हणायचा. माझ्या पुढून गेला तो एकटाच, बाकी आम्ही आठ जण वाचलो. त्याला बर्फातून काढायला आम्हाला चार दिवस लागले.”