ओंडक्यावरची निळी अळंबी
कॅमेऱ्याची बॅग उघडली की अजून कुजक्या पाल्याचा वास येतो आणि मुळशीतली ती राई आठवते. ओल्या ओंडक्यावरची एकुलती एक निळी अळंबी मलाच दिसली होती. मी हाक मारली, तर आमचे फोटोग्राफीचे सर मला बाजूला सारून चिखलात आडवे झाले. मनासारखा फोटो मिळाल्यावर उठले आणि बुटाच्या टाचेनं त्यांनी अळंबी चिरडली. म्हणाले, "आता हा फोटो दुसऱ्या कुणाला मिळायचा नाही." मागून शेरडं घेऊन आलेल्या बाईनं विचारलं, "इखारी व्हती व्हय?" सर म्हणाले, "हो ना, तुमच्या शेळ्यांनी खाल्ली असती." तिनं हात जोडले. "लई उपकार झालं, दादा." सरांनी हसून मान डोलावली. परवा त्याच फोटोचं बक्षीस घेतानाही त्यांनी अगदी तशीच मान डोलावली.