काकूंना आवडलेला आवाज

मंडळी, आज दुपारी जे झालं ते तुम्हाला सांगायचंय, म्हणून लिहितेय.

मी डबिंग करते, हे तुम्हाला माहीत आहेच. आज परळला निखिलकडे गेले होते. माझा शाळेपासूनचा मित्र. तो आणि समीर नऊ वर्षं एकत्र राहतात, लग्नाला कायद्याची परवानगी मिळेल या आशेवर.

निखिलची आई मोबाईल घेऊन आली. व्हिडिओत एक परदेशी प्रचारक बाई मराठीत सांगत होती, "अशा लग्नांनी तुमची कुटुंबं बुडतील."

"बघ, तिकडची बाईसुद्धा हेच म्हणते," काकू निखिलला म्हणाल्या. "आणि आवाज किती गोड!"

आवाज माझा होता. गेल्या वर्षी तिकडच्या एका धार्मिक संस्थेचं काम केलं होतं. तेव्हा फक्त माझे शब्द त्या बाईच्या ओठांशी जुळतायत ना, एवढंच पाहिलं.

निखिलने ओळखला. "तू आहेस ना ही?"

"हो रे."

समीर उठून आत गेला.

मी म्हटलं, "काकू, ही मी बोलतेय. मला यातलं काहीच पटत नाही."

"मग इतकं मनापासून कशी बोललीस गं?"



घरी आल्यावर, तो व्हिडिओ काढून टाका म्हणून संस्थेला मेल केलाय. तुमच्या फॅमिली ग्रुपवर तो आला असेल, तर खाली एवढं लिहाल का, की हा आवाज आमच्या ओळखीच्या बाईचा आहे आणि ती चुकली?