सातव्या माळेचा विडा

खरं सांगायचं तर डॉक्टरांवर माझा विश्वासच बसला नव्हता. मागच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांना चालता चालता काळजात पाखरू फडफडल्यासारखं व्हायला लागलं, म्हणून माझ्या धाकट्या दिरांनी त्यांना अहमदपूरहून लातूरला नेलं. मीही सोबत होते. तिथं छातीला तारा लावून कागद काढला, इको केला, आणि डॉक्टर म्हणाले की ह्यांच्या हृदयाची लय बिघडलीय, आता मेंदूला जपा. मला हसूच आलं. धडधड छातीत आणि जपायचं डोकं, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी परत समजावलं, की हृदयाचा वरचा कप्पा नीट आकसत नाही, नुसता थरथरतो. मग रक्त तिथं साचून राहतं, साचलं की त्याची गाठ होते, आणि ती गाठ सुटली तर वर मेंदूत जाऊन अडकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज रात्री घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, ज्या माणसानं तीस वर्षं एसटीत उभ्यानं तिकिटं फाडली त्याला काय धाड भरलीय. निघताना भाऊजींनी गोळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वहिनी, हे काम तुमचं. दादा इसरतील, तुमी न्हाई इसरणार."

आणि मी विसरले नाही. माझी चूक विसरण्याची नव्हतीच, ती शहाणपणाची होती. आमच्या घरी घट बसतात आणि नऊ दिवस आम्ही दोघंही उपवास धरतो. गोळ्यांच्या पाकिटावर औषधवाल्यानं पेनानं लिहिलं होतं, "जेवणानंतर". आता नऊ दिवस जेवणच नाही, तर जेवणानंतर कुठून येणार? दूध झालं, केळी झाली, भगर झाली, पण त्याला काही आमच्यात जेवण म्हणत नाहीत. घटस्थापनेच्या आदल्या रात्रीची गोळी मी दिली आणि डबा देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिला. ह्यांनी एकदा विचारलं, "अगं, चालतंय ना असं?" मी म्हटलं, "आईचे नऊ दिवस हायेत. ती बघती. तुमचीच श्रद्धा कमी पडून राहिली." बिचाऱ्यांनी केळं सोलायला घेतलं. माझ्याशी बोलण्यात आजवर कुणी जिंकलेलं नाही.

सातव्या माळेला माहूरला जायचं, हा आमचा लग्नापासूनचा नेम. भाऊजींच्या गाडीनं आम्ही तिघं आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम केला आणि पहाटे रांगेत लागलो. पायऱ्यांच्या कडेला विडा कुटणाऱ्या बाया बसतात. पान, काथ, चुना, सुपारी, बडीशेप खलबत्त्यात घालून असा बारीक लगदा करतात की बोळक्या तोंडानंही खाता यावा. हाच रेणुकाईचा आवडता नैवेद्य, आणि हाच प्रसाद. त्यातल्या एका उंच, काळ्यासावळ्या मावशीकडून मी विडा घेतला. वर चढताना हे दोनदा थांबले. "फडफडायलंय," म्हणाले. मी म्हटलं, उपाशी पोटी होतंच. दर्शन मात्र इतकं छान झालं काय सांगू. आईचा तो शेंदरी मुखवटा समोर आला आणि मी नेहमीसारखी मागण्यांची यादी सुरू केली. पुजाऱ्यांनी पुढं ढकललं तरी माझी यादी संपेना.

उतरताना नेमकं त्याच मावशीच्या पुढ्यात आम्ही टेकलो आणि ह्यांनी प्रसादाचा विडा तोंडात टाकला. घडीभरात उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल रस गळायला लागला, तो पांढऱ्या सदऱ्यावर. मी चिडले. "लहान लेकरासारखं काय गाळून राहिलात?" ते माझ्याकडं बघत होते, तोंड हलत होतं, पण शब्द येत नव्हता. नुसता घोगरा आवाज. उजवा हात मांडीवर पडला तो उचलेना. भोवतीची माणसं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, देवीनं वाचा धरली, वारं आलं. कुणी कपाळाला कुंकू लावलं, एक आजी पाया पडली. आणि आज लिहायला लाज वाटते, पण सांगते, मीही हात जोडले. माझ्या नवऱ्याच्या अंगात आई आली म्हणून मला क्षणभर अभिमान वाटला.

खलबत्ता बाजूला सारून ती मावशी उठली. तिनं ह्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. "दादा, हसा बरं," म्हणाली. अर्धाच चेहरा हसला. "दोनी हात वर करा." एकच हात वर गेला. "वारं न्हाई हे. लकवा हाय," ती म्हणाली, आणि सरळ बोट घालून ह्यांच्या तोंडातला विडा तिनं बाहेर काढला. लोक खवळले, प्रसाद काढतेस म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "आईचाच प्रसाद हाय. तोंडात कवा ठेवायचा आन् कवा काढायचा ते आईला कळतं. घशात गेला तर जीव जाईल." तीर्थ पाजायला आलेल्याचा हातही तिनं बाजूला केला. मग ह्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघून तिनं काथानं माखलेलं बोट सदऱ्याच्या बाहीवर टेकवलं आणि लिहिलं, ९.१०.

मला हे सगळं स्वप्नात चालल्यासारखं दिसत होतं. भाऊजींनी दादाला पाठीवर घेतलं आणि ती मावशी दुकान तसंच उघडं टाकून "वाट द्या, वाट द्या" करत आमच्या पुढं पायऱ्या उतरली. खाली यात्रेसाठी सरकारी ॲम्ब्युलन्स उभी होती. तिथल्या डॉक्टरांनी बघताच सांगितलं, मेंदूचा स्कॅन आणि गाठ विरघळवणारं इंजेक्शन नांदेडला मिळेल, झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत ते द्यावं लागतं, आणि त्यांनी तिथं फोनही लावला. दार लावताना मावशीनं माझा दंड धरला. म्हणाली, "माझ्या मालकाला असंच झालं हुतं. आमी दोन दिस देवापुढं बसवून ठेवलं. मग दवाखान्यात इचारलं, कवा झालं, तर कुनालाच सांगता येईना. ताई, ते इचारतील ते खरं सांगा. आईपुढं सांगता तसं." तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

नांदेडपर्यंत ह्यांचा डावा हात माझ्या हातात होता. ते सारखं काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते आणि जमत नाही म्हणून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ज्या आवाजानं अख्खी गाडी हलायची तो आवाज कुठं गेला? मी आईला म्हटलं, वाचाच घ्यायची तर माझी घे, मी लई बोलते. ह्यांची परत दे. त्या वेळी माझ्या यादीत तेवढं एकच मागणं उरलं होतं, आणि गोळ्यांचा डबा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

दवाखान्यात आमची वाटच बघत होते. एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी बाहीवरचं वाचलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सव्वाबारा झाले होते. स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता. छातीच्या तारा लावल्या, पडद्यावर ठोके कसेही वेडेवाकडे पळत होते. त्यांनी विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?" मी तोंड उघडायच्या आत भाऊजी अभिमानानं म्हणाले, "रोज. वहिनी एक दिवस चुकवीत न्हाईत." डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग हे इंजेक्शन देता येणार नाही," असं त्या सिस्टरला म्हणाल्या.

तेव्हा इंजेक्शनचा आणि गोळीचा काय संबंध हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की खरं सांगितलं तर नवऱ्याला या दशेला मी आणलं हे सगळ्यांपुढं ठरणार, आणि ज्या दिरानं माझ्यावर विसंबून पिशवी दिली तो समोर उभा आहे. जन्मभर चुरूचुरू बोलणारी मी, जीभ टाळ्याला चिकटली. वाचा माझी घे असं मीच म्हणाले होते, ती आईनं खरंच घेतली की काय असं वाटलं. मग दंडावर मावशीचं ते काथानं खरखरीत झालेलं बोट परत रुतलं, अगदी तसंच. मी म्हणाले, "बाई, भाऊजींना ठाऊक न्हाई. गोळी बंद हाय. मी बंद केली. उपवास होता म्हणून."

"शेवटची कधी दिली?"

"घटस्थापनेच्या आदल्या रात्री."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. पुन्हा विचारलं, नक्की का. मी म्हटलं, आईशप्पथ. त्यांनी पेन उचललं, रक्ताचा रिपोर्ट घाईनं मागवला, सह्या घेतल्या, आणि एक वाजायच्या आत इंजेक्शन सुरू झालं. भाऊजी माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घातली. थोड्या वेळानं ते माझ्याजवळ येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, बरं झालं बोललात."

चार वाजता ह्यांची उजवी बोटं हलली. मी सिस्टरला हाक मारली, डॉक्टरबाईंना हाक मारली, वॉर्डात झाडणाऱ्या मावशींनाही दाखवलं. सहाच्या सुमारास नांदेडचे आमचे चार नातेवाईक आत घुसून पलंगाला खेटून उभे राहिले, आणि ह्यांच्या तोंडातून जड, पण ओळखू येणारे शब्द आले, "पुढं... सरका." मी हसले आणि रडले, एकदमच. तीस वर्षं ऐकून कंटाळलेले ते दोन शब्द, आणि मला वाटलं, आईनंच ते उच्चारले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला नीट बसवून सांगितलं. दोन दिवसांच्या आतली गोळी अंगात असती तर त्या इंजेक्शननं मेंदूत रक्त उतरायची भीती होती. गोळी बंद होती म्हणून ते देता आलं. "पण काकू, गोळी बंद होती म्हणूनच गाठ झाली. याला चमत्कार समजून परत असं करू नका." मी म्हटलं, टाकीत शेवाळ धरलं की ठिबकच्या नळीचं तोंड बंद होतं, तसंच ना? त्या म्हणाल्या, तसंच, आणि गोळी म्हणजे टाकी स्वच्छ ठेवणं. मग विचारलं, उपवासाला भगर खाता ना? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "गाठीला काय कळतं भगर की भाकर. पोटात गेलं ते जेवण." एवढं साधं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, ते मात्र सांगता येत नाही.

यंदाच्या नवरात्रात गोळ्यांचा डबा देव्हाऱ्यातच, घटाच्या शेजारी ठेवला. रोज रात्री भगर, मग गोळी, मग आरती. इतकी वर्षं मी आईवर सगळं सोडलं असं म्हणत होते, पण सोडलं होतं ते फक्त माझं काम. माझा हेका, माझी अब्रू हे सगळं मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. नांदेडच्या त्या खोलीत ते सुटलं तेवढंच माझं खरं शरण जाणं. बाकी सगळं तिनं केलं, आणि माणसांच्या हातांनी केलं.

डॉक्टरांना विचारून सातव्या माळेला आम्ही हळूहळू पायऱ्या चढलो. ती मावशी तिथंच बसली होती, खलबत्ता चालूच. मी पाय धरले तर ती दचकली. "कोन वो तुमी?" मी सगळं सांगितलं, बाही, काथ, ९.१०. ती जरा आठवत राहिली, मग म्हणाली, "न्हाई ध्यानात येईना बाई. आशे लई जन येतात." जिनं मला माझा माणूस परत दिला तिला आम्ही आठवतही नव्हतो. मग तिनं ह्यांच्याकडं निरखून बघितलं. "दादा, हसा बरं." ते हसले, दोन्हीकडून. "हात वर करा." दोन्ही हात डोक्यावर गेले. मागच्या रांगेला वाटलं जयजयकार सुरू झाला, सगळ्यांनी हात वर करून उदो उदो केला आणि रांग आमच्यावर येऊन आदळली. आणि आमचे हे, हात तसेच वर ठेवून, पूर्वीच्या खणखणीत आवाजात ओरडले, "चला, पुढं सरका."