सोजरबाईला गाडी लागते

मांजरी गावच्या सोजरबाईला गाडी लागते, हे सगळ्या भावकीला ठाऊक. वऱ्हाड निघालं की कुणीतरी आठवणीनं तिच्यासाठी पिशव्या घ्यायचं. आणि अशी बाई पडली कुणाच्या गळ्यात, तर बजरंगच्या, ज्याची उभी हयात स्टेअरिंगमागं गेली. आधी हडपसरची सहा आसनी रिक्षा, मग टुरिस्टची जीप. अष्टविनायक म्हणा, कोकण म्हणा, त्यानं दुनियेला फिरवून आणलं. स्वतःच्या बायकोला मात्र एकाही घाटाच्या पलीकडं नेणं जमलं नाही. एकदा कोकणात हर्णैला निघाले होते, ताम्हिणी घाटात तिचं असं काही झालं की त्यानं मुकाट्यानं गाडी माघारी वळवली. शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं, असं तिला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

आणि आता लेकीनं, तेजस्विनीनं, ऑस्ट्रेलियात बोलावून घेतलं होतं. तिथं उतरून जरा रुळतात तोवर तिनं भाड्यानं आणलेल्या मोटारीची चावी बापाच्या हातात ठेवली.

"आप्पा, समुद्राच्या कडेकडेनं रोड आहे. हॉटेल बुक केलंय. तुम्ही दोघंच जा."

"दोघंच?" सोजरबाई दचकली. "आन् मला लागली मंजी?"

"मग थांबायचं, आई. तुम्हाला कुठं कुणाला सोडायचंय?"

बजरंग चावी घेताना हसला. परदेशात चालवायचा परवाना तो पुण्यातनंच काढून आला होता. समुद्रात ताडासारखे उभे खडक आहेत म्हणे त्या रस्त्याला; मोबाईलवर बघून बघून त्याला पाठ झाले होते. सोजरबाईनं मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, या खेपेला माघारी फिरायचं नाही.

सकाळी तेजस्विनी कामाला गेली. सोजरबाईनं पदर खोचला, मागचं दार उघडलं आणि मागं बसली. बजरंगनं गाडी सुरू केली. दोघांपैकी एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. घरच्या गाडीत पुढची सीट तिच्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची. ते गेल्यावर थोरले दीर बाबुराव यांची. बाया मागं. असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण पाय आपसूक मागच्या दाराकडं वळायचे.

शहर सुटलं आणि डाव्या अंगाला समुद्र आला. उजवीकडं डोंगर, आणि रस्ता बघावा तर नुसता वळणावळणाचा.

"बघ की गं! कसला निळा हाय!"

"बघते," सोजरबाई म्हणाली, गच्च डोळे मिटून.

आरशात बजरंगला ते दिसलं. त्यानं रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. ती कशीबशी उतरली आणि झुडपांशी जाऊन वाकली. त्यानं पाठीवरनं हात फिरवला, चूळ भरायला पाणी दिलं.

"जायचं माघारी?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाय. मरू द्या मला, पर म्होरं चला."

तो मागचं दार उघडायला गेला आणि दाराच्या मुठीला हात लावून तसाच उभा राहिला.

"गिऱ्हाइकात कुनाला लागायची ना," तो म्हणाला, "त्याला मी पुढं बसवायचो. रस्ता दिसला की वळान आदी कळतं. मंग पोटात कालवत न्हाय."

सोजरबाई पदरानं तोंड पुसता पुसता थांबली.

"सगळ्यांच्या बायकांला पुढं बसवलं का तुमी?"

"आपल्या गाडीत पुढं आबा असायचं."

"आबांला जाऊन किती वर्सं झाली!"

"मंग दादा असायचा."

"आन् आज?" तिनं काचेतनं आत बोट दाखवलं. "आज कोन बसलंय तितं?"

बजरंगनं चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, परत घातला.

"बस," तो म्हणाला. "ध्यानातच आलं न्हाय गं माझ्या."

त्याचा आवाज असा काही उतरला की तिनं आणखी ताणायचं सोडून दिलं आणि जाऊन पुढं बसली.

समोर एवढी मोठी काच तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती. वळण लांबूनच दिसायचं आणि अंग आधीच सावरून घ्यायचं. थोड्या वेळानं तिच्या तोंडाला चव आली, आणि मग तोंड सुटलंच.

"अवो, सायकलवाला!"

"दिसतोय."

"दिसतोय तर हळू करा की."

"मागं हुतीस तेच बरं हुतं."

"आता जातीय व्हय मी!"

खडक दिसले तेव्हा उन्हं कलली होती. सोजरबाई कठड्याला धरून लाटा बघत राहिली. बजरंग तिच्याकडं बघत होता. "खडक तिकडं हायती," ती न वळताच म्हणाली.

महिन्याभरानं दोघं पुण्यात उतरली. न्यायला जीप घेऊन बाबुराव स्वतः आले होते. "घे बाबा तुझी गाडी," म्हणत त्यांनी चावी बजरंगकडं टाकली, वळसा घालून गेले आणि पुढच्या सीटवर बसले.

सोजरबाई मागच्या दाराशी थांबली. डोक्यावर पदर आपोआप आला होता. तिथं परमुलखात कोण बघत होतं? इथं थोरले दीर होते, आणि मांजरीला घरी पोचायच्या आत ही गोष्ट सगळीकडं झाली असती. तिनं दाराला हात घातला.

"दादा," बजरंग म्हणाला, "तू मागं बसतोस का? हिला गाडी लागती."

बाबुरावांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "एवढं इमानातनं आली, तवा न्हाय लागली?"

"लागली तरी तितं उतरता येत न्हाय," बजरंग म्हणाला. पण हटला नाही.

बाबुराव गुडघा धरत खाली उतरले. "बस बाई. तुला नको कोन म्हनलं हुतं?"

कुणीच म्हणालं नव्हतं, हे खरंच होतं. ती पुढं बसली, मांडीवर पिशवी घेतली आणि सरळ समोर बघू लागली. बजरंगनं एकदा तिच्याकडं बघून गिअर टाकला.

मांजरीच्या वाटेवर, केशवनगरच्या अलीकडं, जीप खड्ड्यात दाणकन आदळली.

"बजरंगा, हळू घे की रं!" मागनं बाबुराव ओरडले. "हितं माझ्या पोटात कालवतंय!"

सोजरबाईनं पदर सावरला आणि अर्धी मागं वळली. "धरून बसा, दादा," ती म्हणाली. "म्होरं आनिक एक खड्डा हाय."